बिल्ल्यात काय निघालं?

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. गेल्या माघातल्या शेवटच्या रविवारी, भर दुपारी, गारखेड्यात आमच्याच गच्चीवर, तिच्याच डोहाळजेवणात. पहिली ओटी भरायचा मान आत्याचा, म्हणजे वडिलांच्या बहिणीचा. आत्या ताट घेऊन उठली, पाटाजवळ गेली, ताईकडं बघितलं आणि ताट आईच्या हातात देऊन मागं जाऊन बसली. ते बघून रांगेतल्या बाकीच्या बायकांना अचानक तहान लागली. ताई फुलांचे दागिने घालून पाटावर, आणि समोर रिकामी सतरंजी.

कारण मला जिन्यात कळलं. पोरीच्या अंगात किरण शिरलेत, तिच्या हापिसानंच तिला खूण लावलीय, असं आत्या एकीला सांगत होती.

ताई परगावच्या एका प्रयोगशाळेत काम करते. तिथं प्रचंड ताकदीचा लेसर आहे. त्याचा झटका केसाहून पातळ पापुद्र्यावर पडला की त्यातून कण सुसाट सुटतात, पुढं ठेवलेल्या बेरिलियम नावाच्या धातूच्या ठोकळ्यावर आदळतात आणि त्यातून न्यूट्रॉनचा झोत निघतो. हा झोत जाड लोखंडातून आरपार जातो आणि आत पाणी किंवा तेल कुठं मुरलंय ते दाखवतो. ताई हे जेवता जेवता समजावते. पापड म्हणजे पापुद्रा, वरणाची वाटी म्हणजे ठोकळा. लेसर थांबला की झोत थांबतो. तरी लगेच कुणी आत जात नाही, आधी मीटरनं मोजतात, मग दार उघडतात. दिवस गेल्याचं तिनं कळवलं तेव्हापासून तर तिला त्या हॉलमध्ये पाऊल टाकू देत नव्हते. शेजारच्या इमारतीत कॉम्प्युटरवर बसायची.

मी पत्रकं काढणारी. टँकर, बसपास, वसतिगृहाचं जेवण, सगळ्यावर काढलीत. त्याच संध्याकाळी मथळा तयार: ‘न्यूट्रॉनची भीती वाटते, अडाणीपणाची का नाही?’ ताईनं कागद वाचला आणि घडी घालून उशीखाली ठेवला.

“माझ्या पोटावर पत्रक काढू नको,” ती म्हणाली. “उद्या बाळाला काही झालं, तर हेच माझ्या तोंडावर फेकतील.”

काही होणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी काळीपिवळीत बसून फुलंब्रीच्या पुढं आत्याच्या वस्तीवर गेले. आत्याच्या घरी मेंढरं आहेत, थोडं शेत आहे. ती एका मेंढीचं तोंड उघडून औषध पाजत होती. मी उभ्या उभ्या सगळं सुनावलं. अंधश्रद्धा, विज्ञान, बाईनंच बाईचा अपमान करणं, काही सोडलं नाही. आत्यानं शेवटचा थेंब पाजला, पदराला हात पुसले आणि विचारलं, “झालं का? का आजून हाय?”

मग तिनं मला कोपऱ्यात वेगळी बांधलेली आजारी मेंढी दाखवली. पाठीवर गेरूचा लाल पट्टा.

“ही खूण मी केली. खूण केली की तिला गाभण मेंढीजवळ सोडायची नाय. आमच्यात आसंच. आन् माझ्या सुनेला बी दिवस हायेत, ती गच्चीवर माझ्या शेजारीच बसलेली. तुझ्या ताईनं हापिसातला फोटो धाडला, त्यात छातीवर खूण दिसली. शिकल्यासवरल्या लोकांनी केलेली खूण मी कोण खोडणार?”

मला हसू आलं आणि राग कुठल्या कुठं गेला. ही बाई दुष्ट नव्हती, मेंढरं राखतात तशी माणसं राखत होती. मी सांगितलं, ती खूण नाही, बिल्ला आहे. मोठ्या साहेबापासून झाडूवाल्या मावशींपर्यंत, हॉलमध्ये आणि आसपास काम करणारे सगळे लावतात. अंगावर किती किरण आले ते तो टिपून ठेवतो, आणि दर तीन महिन्यांनी तो तपासायला पाठवतात.

“मंग तपासला का?” आत्या म्हणाली. “काय निघालं?”

हे मी कधी विचारलंच नव्हतं. घरात दोनच पक्ष होते, एक तोंड फिरवणारा आणि एक ‘काही होत नाही’ म्हणणारा. ताईला विचारणारा तिसरा कुणी नव्हता.

तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. मेंढरांच्या ओरडण्यावर आवाज चढवून विचारलं, बिल्ल्यात काय निघालं.

“आज सकाळीच कळवलं त्यांनी,” ताई म्हणाली. “काही नाही निघालं. दिवस गेल्यापासूनच्या सगळ्या बिल्ल्यांचा हिशोब आहे त्यात. काहीच नाही.” आणि ती रडायला लागली. “कुणी विचारलंच नाही गं. मी एकटीच वाट बघत होते.”

मी मेंढरांच्या लेंड्यांतच खाली बसले. ठणकावून सांगताना मीही घाबरलेलेच होते, हे तेव्हा कळलं.

आत्यानं फोन ओढून घेतला. “रडू नको माय. येत्या रविवारी परत पाटावर बस. पहिली वटी माझी. आन् तो बिल्ला बी लावून बस, त्याला बी हळदकुकू लावते.”

बिल्ला प्रयोगशाळेतच ठेवावा लागतो, बाहेर आणत नाहीत, असं ताई हुंदके देत सांगू लागली. “राहिलं,” आत्या म्हणाली, “मंग फोटूला लावते.”

रविवारी आत्या आली ती सुनेला घेऊनच, आणि तिला ताईच्या पाटाला पाट लावून बसवलं. दोघींच्या ओट्या तिनंच भरल्या. त्या तहानलेल्या बायकाही मुकाट्यानं रांगेत आल्या. ताईनं दोनदा मागून पुरणपोळी खाल्ली आणि सगळ्यांदेखत तिथंच भिंतीला टेकून झोपून गेली. तिला इतकी गाढ झोपलेली मी कित्येक महिन्यांत बघितली नव्हती.

आता तुमच्याकडं येते. असा बिल्ला फक्त न्यूट्रॉनवाले लावत नाहीत. तुमच्या गल्लीतला एक्स-रे काढणारा लावतो, कॅन्सरच्या मशीनवर काम करणारी लावते. त्यातलं कुणी तुमच्या घरचं असेल तर आज संध्याकाळी त्याच्यापासून सरकून बसू नका, आणि ‘काही होत नाही’ असंही म्हणू नका. बिल्ल्यात काय निघालं ते विचारा. अजून कळलं नसेल, तर कळेपर्यंत त्याच्याबरोबर वाट बघा.