राहात्याचं आरमार आणि माझी चोरटी नजर

राहात्याला आरमाराची स्पर्धा आहे म्हटल्यावर नवरा चहा पिता पिता थांबला. "राहात्याला? तिथे समुद्र कधी आला?"

टेबलावरच्या लढाईला समुद्र लागत नाही, निळी चादर पुरते. वीतभर लाकडी शिडाची जहाजं, वारा दाखवणारा पुठ्ठ्याचा बाण, अंतर मोजायची पट्टी आणि फासे, एवढ्यावर आमचा खेळ चालतो. इथे जिंकणाऱ्याला मालवणच्या अंतिम फेरीत जागा मिळणार होती. मी दोन वर्षं त्या जागेच्या तोंडाशी येऊन हरले होते. यंदा काहीही करून मालवण गाठणार, असं घरात ठणकावून सांगून शनिवारी पहाटे निघाले.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून सहाच्या आत निघा, नाहीतर वाघोलीतच ऊन लागतं. शिरूरला मिसळ खाल्ली, तर्री जपून घ्या. नगरपर्यंत रस्ता छान आहे, पुढे राहुरीकडे वळलात की गाडीचा आणि कमरेचा हिशेब देवावर सोडायचा. उसाच्या ट्रॉल्यांमागून कोल्हारचा पूल, मग बाभळेश्वर, मग राहाता. मला साडेपाच तास लागले. मुक्काम शिर्डीत करू नका, शनिवार-रविवारी भाव चढलेले असतात. राहात्यात आठशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली, गरम पाणी फक्त सकाळी सातपर्यंत.

स्पर्धा एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये होती. भरवणारे इथल्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. बारा खेळाडू, त्यातले निम्मे शेतकरी. त्यांतच तात्या होते. साठीचे, पेरूची बाग असलेले, पांढरी टोपी, गळ्यात चष्मा. बाकीच्यांची जहाजं विकतची, तात्यांची स्वतः कोरलेली. छाटलेल्या पेरूच्या फांद्यांचे सांगाडे, बांबूच्या कामट्यांच्या डोलकाठ्या, जुन्या धोतराची शिडं.

"ताई, समुद्र म्या टीव्हीवरच बघितलाय," ते जेवताना म्हणाले. "पन या जहाजांना एकदा खरा समुद्र दावायचा हाय. मालवणला गेलो का किनाऱ्यावर मांडून ठिवतो."

मी हसले. मला ते फार गोड वाटले. आणि त्यांना हरवायचंच, हेही त्याच क्षणी मनात पक्कं होतं.

रविवारी अंतिम सामना आमच्या दोघांतच लागला. नियम असा की प्रत्येक डावाआधी दोघांनी आपापली चाल गुपचूप लिहायची आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. वारा आणि समोरच्याचं डोकं, दोन्ही ओळखावं लागतं. खेळाचा सगळा कस तिथेच. सरांकडे चिठ्ठ्यांसाठी एकच वही होती. तात्या लिहून पान फाडत, मग वही माझ्याकडे येई.

तात्यांनी वीस वर्षं दूध संस्थेत पावत्या लिहिल्या आहेत. "खाली दोन कार्बन असायचे. तिसऱ्या कागदावर उमटाया पाहिजे ना! हात असा दाबायची सवय लागली, जाता जाईना," हे त्यांनीच मला आदल्या दिवशी हसत सांगितलं होतं.

पाचव्या डावात वही माझ्याकडे आली तेव्हा खिडकीतलं ऊन तिरपं पडलं होतं. कोऱ्या पानावर दाबाने उमटलेली अक्षरं दिसली. 'मोठं जहाज उजवीकडे दोन पट्ट्या.' ते मी मुद्दाम पाहिलं नव्हतं, अगदी खरं सांगते. पण सरांना वही बदलायला सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं नाही. सहाव्या डावात मी वही स्वतः उन्हाकडे कलती केली. सातव्यातही केली.

जहाजाची मागची बाजू सगळ्यात कच्ची. तात्यांचं मोठं जहाज वळलं तेव्हा माझी दोन्ही जहाजं त्याच्या नेमकी पाठीमागे उभी होती. फासे पडले, नियमाप्रमाणे डोलकाठी उतरवताना ती मोडली, सामना संपला. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. तात्या उठून उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, "बघा, याला म्हन्त्यात वारं वळखनं! मी जाईल तिथं ताई आधी हजर. लई शिकलो बगा आज."

माझे कान तापले. मी मान खाली घालून "नाही हो तात्या, नशीब," एवढंच पुटपुटले. लोकांना तो विनय वाटला.

मी गाडीत बसत असताना तात्या आले. एका हातात पेरूंची पिशवी, दुसऱ्या हातात पंच्यात गुंडाळलेलं ते मोठं जहाज. मोडलेली डोलकाठी त्यांनी तासाभरात नवी बसवली होती.

"आता तुमीच जानार. ह्याला घेऊन जा. जिंकलेल्या मानसाच्या हातनं समुद्र बघू द्या त्याला."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी जहाज घेतलं, पाया पडले आणि गाडी सुरू केली. राहुरीत उसाचा रस प्यायला थांबले, अर्धा ग्लास तसाच ठेवून निघाले.

घरी आल्यावर चार दिवस जहाज टीव्हीशेजारी होतं. येणारे-जाणारे कौतुक करायचे, मी विषय बदलायची. पाचव्या दिवशी सरांना फोन करून सगळं सांगितलं आणि मालवणची जागा तात्यांची आहे म्हटलं. मग तात्यांना लावला. त्यांनाही पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"मी रोज सकाळी डाव मांडून बघतोय," ते शेवटी म्हणाले. "कुठं चुकलो, तेच सापडंना. घरची म्हनली, म्हातारं झालं तुमचं डोकं. मला बी पटलं हुतं."

मला रडू आलं. जहाज उद्याच कुरियरने पाठवते, मी म्हणाले.

"कुरियरनं नको. येत्या रविवारी सरांच्या हॉलात समदी जमनार हायेत. तुमी जिंकल्या ते सगळ्यांम्होरं. हे बी सगळ्यांम्होरंच सांगायचं. मग ठिवा जहाज टेबलावर."

आवाजात राग नव्हता, पण सूटही नव्हती. मी हो म्हणाले.

नवऱ्याने विचारलं, सोबत येऊ का. मी नको म्हटलं.