तो लेझगीत पाणी मागत होता

रशियातल्या दागिस्तानात मी डॉक्टरकी शिकलो. तिथला माझा खोलीतला जोडीदार लेझगी. त्याची आई लेझगी, वडील तबसरानी. दोन्ही भाषा कॉकेशसमधल्या एकाच शाखेच्या, सख्ख्या बहिणीच. पण एकीचं दुसरीला कळत नाही. म्हणून त्या घरात नवरा-बायको रशियनमध्ये भांडायची. त्याच्या आईच्या हातचं जेवता जेवता चार लेझगी शब्द माझ्याही तोंडी बसले.

शिक्षण संपल्यावर एका हिवाळ्यात तो आमच्या आसगावला आला. आम्ही मोटारसायकलवर गोसीखुर्दचं धरण बघायला निघालो. वाटेत पंक्चर झालं. त्याला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसवून मी गाडी ढकलत दुकानात नेली. त्या आठवड्यात पोरं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता, आणि हा पाळीवर बसून पोरांना चॉकलेट वाटत होता.

परतलो तर पाळीवर ही गर्दी. मधे तो, गुडघ्यांवर. खालचा ओठ फाटून लोंबत होता, दाढीतून रक्त गळत होतं. एकानं केस धरले होते, दुसरा चपलेनं तोंडावर मारत होता. रशियन, इंग्रजी सगळं विसरून तो पुटपुटत होता, "याद... याद..."

"याद रख म्हन्ते! धमकी देऊन राहिला आपल्याले!" एक जण ओरडला आणि त्यानं बैलगाडीची उभारी, कडेचा तो जाड दांडा, उपसून त्याच्या कानशिलात घातली.

"पानी मागून राहिला तो! त्याच्या भाषेत पान्याले याद म्हन्तेत!"

मी ओरडलो, पण कुणी ऐकेना. मी त्याच्या अंगावर पडलो. पुढचा फटका माझ्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

हातातलं जाळं टाकून एक मासेमार बाई धावत आली, मला ओळखून ओरडली. "अरे, हा त आसगावच्या मास्तरचा पोरगा होय! काहून मारून राहिले?"

तेव्हा कुठे हात थांबले. तिनंच ओंजळीनं त्याला पाणी पाजलं.

त्याचा डावा कान कायमचा गेला. पोलिसांनी चौघांना धरलं, ते जामिनावर सुटले. त्यानं आईला गाडीवरून पडल्याचं सांगितलं.

मागच्या महिन्यात उभारीवाला माझ्या दवाखान्यात आला. कडेवर तापानं फणफणलेली मुलगी. मी तिला तपासलं, औषध दिलं.

"तुमचा दोस्त कसा हाये, डॉक्टरसाहेब?"

"एका कानानं ऐकू येत नाही त्याले."

"मले वाटलं का..."

त्याची मान पकडून डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. पोर माझ्याकडे बघत होती. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.