आवाज खालून येत होता

जळक्या ऑइलचा वास आला की मला सरावलीचं ते गॅरेज आठवतं. वडिलांची जुनी मोटारसायकल मीच रोज माहीम गावाहून जवळच्या बोईसरला कंपनीत न्यायचे. चढावर जोर पडला की इंजिनातून ठकठक यायची. आवाज खालून, क्रँककडून येतोय, हे मी मेकॅनिकला दोनदा सांगितलं. तो सोबत आलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, "वरचं टॅपेट सैल हाय, बाकी काय नाय." नवरा हसला. "तिला काय कळतंय त्यातलं? तू टॅपेट सेट कर." त्यानं तेवढंच केलं. चौथ्या दिवशी पुलाच्या चढावर इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि मी रस्त्यावर आपटले. मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं, तर क्रँकच्या बेरिंगचा चुरा झाला होता. त्या संध्याकाळी नवरा सासूबाईंना सांगत होता, "मी मेकॅनिकला पहिल्याच दिवशी बोललेलो, आवाज खालून येतोय म्हणून." मी प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन समोरच बसले होते. आजही पाहुणे आले की तो ही गोष्ट तशीच सांगतो, आणि आता तर त्याचा स्वतःचाही तिच्यावर विश्वास बसलाय.