चंद्रीचा आदर्श गोपालक

आमच्या दूध डेअरीचा 'आदर्श गोपालक' पुरस्कार मला जाहीर झाला, तेव्हा मला गायीचं दूध काढता येत नव्हतं.

यात काही अडचण आहे असं कुणालाच वाटलं नाही. कोपरगाव तालुक्यातल्या आमच्या गावाची रीतच अशी, की गोठ्यात बाईनं राबायचं आणि डेअरीत सभासद म्हणून नवऱ्याचं नाव लागायचं. आमची चंद्री गाय गावात सगळ्यांत जास्त दूध द्यायची. तिची वैरण, पाणी, शेण, धारा सगळं माझी बायको सुमन बघायची. मी फक्त कॅन मोटारसायकलला अडकवून डेअरीत न्यायचो. (वाटेत पारावर थांबून चंद्रीचं कौतुक सांगायचो. तेही कामच आहे.)

"सभासद म्हणून माझं नाव लावा," असं सुमन वर्षानुवर्षं म्हणत होती आणि मी "बघू" म्हणत होतो. पुरस्काराचं कळल्यावर मात्र तिनं दुसऱ्या दिवशी सकाळच्या धारा काढल्या, पिशवी भरली आणि शिर्डीला बहिणीकडे निघाली. संध्याकाळच्या धारांचं काय, असं मी विचारलं.

"आदर्श कोन हाय आपल्यात?" एवढं बोलून ती एसटीत चढली.

नेमका दुपारी डेअरीच्या चेअरमनचा फोन आला. कार्यक्रमात दाखवायला माझा दूध काढतानाचा व्हिडिओ हवा होता, आणि मंडळी संध्याकाळी येणार होती. मी लगेच तालमीला गोठ्यात गेलो. चंद्रीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी बसायच्या आधीच उठलो. दिवस कलला तशी तिची कास तटतटली, ती हंबरायला लागली, पण मला जवळ येऊ देईना. आता मला पुरस्कारापेक्षा तिचीच काळजी वाटायला लागली.

आईचे गुडघे धरलेले, तिला खाली बसता येत नव्हतं. पण डोकं शाबूत होतं. दोरीवरची सुमनची साडी ओढून तिनं माझ्या अंगावर टाकली.

"ही नेस. सुमनच्या वासानं फसंल ती."

मी पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी आईनंच निऱ्या खोचल्या, डोक्यावर पदर दिला आणि जरा लांबून बघून म्हणाली, "शोभती की तुला."

आणि काय सांगू, चंद्री फसली! पान्हा सोडला! बादलीत पहिली धार वाजली तेव्हा मला खरोखर भरून आलं. तेवढ्यात अंगणात जीप थांबली. बादली गुडघ्यांत, गाय जेमतेम कबूल झालेली, उठणार कसा? मी पदर नाकापर्यंत ओढला. आई लबाडासारखी घरात निघून गेली.

माझ्या पाठीमागून चेअरमनचा आवाज आला. "वहिनी, दादा कुठंयत?"

मी मान हलवली. त्याचा अर्थ काहीही निघाला असता.

चेअरमन जरा जवळ आले. "खरं सांगू का वहिनी, बक्षीस तुमालाच पायजे हुतं. चंद्रीचं समदं तुमीच करता, गावाला ठाऊक हाय. पन दादांनी लईच गळ घातली."

इथं गप्प बसणं शहाणपणाचं होतं. मी ताडकन म्हणालो, "मी गळ बिळ काही घातली नाही!"

तो आवाज चेअरमननी ओळखला. चंद्रीनं त्यांच्याही आधी ओळखला. पुढच्या क्षणी बादली एकीकडे, पदर दुसरीकडे आणि मी शेणात, मिशीवरून दूध ओघळतंय. चेअरमनचा पुतण्या मोबाईलवर हे सगळं मनापासून टिपत होता.

फाटकात सुमन उभी होती. चंद्रीच्या काळजीनं तिला बहिणीकडे राहवलं नव्हतं. ती हसली नाही. हात धुतले, बादली उचलली आणि चंद्रीला थोपटून खाली बसली. पाठोपाठ बादलीत अशा भरघोस धारा पडायला लागल्या, की मघाची माझी धार मला उगीचच वाटली. चेअरमननी व्हिडिओ घेऊ का विचारलं.

"आधी सभासद म्हणून माझं नाव लावा," मागं न बघता सुमन म्हणाली. "मग काय घ्यायचं ते घ्या."

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. शेणात, बायकोच्या साडीत बसलेल्या माणसाला "बघू" म्हणता येत नाही. मी "लावा" म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी सुमनच्या डोक्यावर फेटा बांधला. एरवी मागं बसणाऱ्या गावातल्या बाया त्या दिवशी पुढच्या सतरंजीवर आल्या होत्या, आणि त्यांच्या टाळ्या थांबेनात. त्यातल्या काही जणींनी तिथल्या तिथेच चेअरमनला गाठून आपापली नावं लावायला सांगितलं. माझी छाती अभिमानानं फुगली होती, हे मी लपवत नाही.

गोंधळ झाला तो पुढे. सत्कार जोडीनं होता, आणि गोपालकाला फेटा व त्याच्या जोडीदाराला साडी, असं डेअरीनं आधीच आणून ठेवलं होतं. फेटा तर सुमनला गेला. चेअरमननी साडी हातात घेतली, एकदा सुमनच्या फेट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ती माझ्या ओंजळीत ठेवली.

आता सुमन डेअरीच्या मीटिंगला गेली, की धारा मी काढतो. साडी अंजिरी आहे, काठ बरे आहेत, आणि वासासाठी सुमननं ती आधी दोन दिवस नेसून दिली. मला तो रंग जरा भडक वाटतो, पण चंद्रीची काही तक्रार नाही.