टाकीतलं कबुतर

परवा मुलीची लग्नपत्रिका छापायला मिरजेत गेले आणि छापखान्यातल्या शाईच्या वासानं मी दारातच थबकले.

कॉलेजच्या वृत्तपत्राची मी संपादक होते. वसतिगृहाच्या टाकीत कबुतर मरून पडल्याची बातमी आम्ही निनावी छापली होती. प्राचार्यांनी ओल्या शाईचा अंक माझ्यापुढं आपटला. "कुणी लिहिलं? नाव सांग, नाहीतर तुलाच काढतो."

बातमी लिहिली होती जतच्या सुनंदानं. वसतिगृह सुटलं तर तिचं शिक्षण थांबणार, हे ठाऊक असूनही मी तिचं नाव सांगितलं.

तिला बोलावलं. ती म्हणाली, "व्हय सर, मीच लिवलंय. पन आधी टाकी तरी बघा की."

टाकी धुतली गेली, तिची जागाही टिकली. मला "लय भ्यालीस गं," एवढंच म्हणाली.

आज प्राचार्यांचा चेहराही आठवत नाही. भीती वाटते ती सुनंदा कुठं समोर येईल याची.