सासूबाईंचं हसू आणि रिकामी खुर्ची

सासूबाई हसल्या की उझोआमाकाचा सिनेमा पडला, हे नायजेरियातल्या असाबा शहरातल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाई चौकात अकारा तळायच्या, चवळीचे गरमागरम वडे. आणि हसायच्या अशा की कढईतलं तेल हिंदकळावं. सुनेचे आधीचे दोन भुताचे लघुपट चर्चच्या हॉलमध्ये दाखवले, तेव्हा मुडदा उठून बसताच त्यांनी पोट धरलं आणि त्यांच्यामागे अख्ख्या हॉलने.

"अगं, तुझं भूत येण्याआधी ढोल काय वाजतात! वरात आहे का त्याची?"

ते उझोआमाकाला फार लागलं. "या खेपेला तुम्ही हसलात ना आई, तर कॅमेरा विकून टाकीन आणि तुमच्या शेजारी बसून वडे तळीन!" चारचौघींसमोर ती बोलून गेली. सासूबाईंनी त्याच दिवशी तिच्यासाठी एक झारा बाजूला काढून ठेवला.

मग ती विचाराला लागली. तीन मुलांची आई ती. पलीकडच्या खोलीत पोरं धिंगाणा घालत असली की हातातलं काम निवांत चालतं. आवाज थांबला की काळीज हलतं. म्हणजे ढोल बाद. कॅमेरा तिने वड्यांच्या पालथ्या घमेल्यावर, जमिनीलगत ठेवला. पलंगाखाली लपलेल्या पोराला खोली दिसते तशी दिसावी म्हणून. या खेपेला भुताऐवजी खुनी, आणि तो दिसायचाच नाही. दाराखालच्या फटीत फक्त त्याची पावलं.

खुनी झालेला इकेम्बा शिंपी हिरमुसला. "वहिनी, मी खास नवा कोट शिवलाय हो!"

"पाय दिसणारेत. नखं कापून या."

राहिली शांतता. लाईट गेली की गल्लीत घरोघर जनरेटर धडधडायला लागतात. उझोआमाका वडे घेऊन दारोदार फिरली, एवढा प्रसंग होईस्तोवर ते बंद ठेवा म्हणून विनवत. वडे सासूबाईंनीच दिले. "हसायला मिळणार असेल तर खर्च माझा!"

खोलीत दारालगत कंदील. दाराकडे पाठ करून खुर्चीत बसलेली मैत्रीण न्गोझिका. केरसुणीच्या दांड्याला बांधलेला माईक दारापाशी धरून उझोआमाका श्वास रोखून उभी. बाहेर रबरी चपला, फट्... फट्... मग थांबल्या. फटीत दोन अंगठे. दार किंचित उघडलं, इकेम्बाने फुंकर मारून कंदील विझवला. मिट्ट काळोख. आणखी एक फट्...

आणि लाईट आली.

"आली रे आली!" अख्खी गल्ली ओरडली. दोन दिवसांनी आली होती, ओरडणारच. उझोआमाकाही माईक टाकून ओरडली. इकेम्बा खून सोडून इस्त्री तापवायला घरी पळाला. न्गोझिका कोपऱ्यात मोबाईल चार्जिंगला लावत होती.

"अगं, तुझा खून व्हायचा होता ना!"

"फोन मेलाय माझा आधीच. तू नाही का ओरडलीस?"

रात्र वाया गेली म्हणत उझोआमाकाने चित्रण पाहिलं आणि तिच्याच अंगावर काटा आला. ट्यूबलाईट लुकलुकत पेटली होती. पहिल्या लुकलुकीत न्गोझिका खुर्चीत. काळोख. दुसऱ्या लुकलुकीत खुर्ची रिकामी, खाली तिची एक उलटी पडलेली चप्पल. बाहेर लोकांचा जल्लोष. तिने तिथेच सिनेमा संपवला.

रविवारी हॉल भरला. सासूबाई पुढच्या रांगेत, ओटीत भाजलेले शेंगदाणे, हसायच्या तयारीत. फट्... फट्... त्यांचं तोंड चालायचं थांबलं. काळोख झाला. मग पडद्यावरून "आली रे आली!" आलं आणि जन्माच्या सवयीने अख्ख्या हॉलने हात वर करून साथ दिली, सासूबाईंनी सगळ्यांत मोठ्याने. तेवढ्यात रिकामी खुर्ची दिसली. आरोळी घशातच राहिली. मागे कुणीतरी किंचाळलं.

"काय आई, हसला नाहीत?"

"दाणे खवट होते," म्हणत सासूबाई तडक घरी गेल्या.

संध्याकाळी लाईट आली. गल्ली ओरडली. दर वेळी सगळ्यांत आधी येणारा सासूबाईंचा आवाज मात्र आला नाही, म्हणून उझोआमाका त्यांच्या खोलीकडे निघाली. आतून बारीक आवाज आला,

"कोण आहे? सूनबाई, तूच ना गं?"

तिने दार ढकललं. सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, नजर दाराच्या फटीवर.

"मेले, चपला काढून चालत जा घरात!"

उझोआमाकाने चपला काढल्या. आणि जाता जाता आपल्यासाठी काढून ठेवलेला झारा सासूबाईंच्या कढईत परत ठेवला.