गाडीला वारा

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५. भुकूम. सकाळी दाट धुके, नऊनंतर ऊन. गॅसचा सिलिंडर आला. गोजराबाईंकडून नवा तांदूळ पाच किलो घेतला. गाडीतली पायपुसणी धुऊन गच्चीवर टाकली. पॉलिशचा डबा तळाला गेला आहे, उद्यापुरते होईल. अनुष्का उद्या येते, मेकॅनिकही येणार. दाण्याचे लाडू केले.

एवढे लिहून हेमलताबाईंनी पेनाला टोपण लावले. पुण्यात कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकत असताना सिस्टरनी त्यांना रोजनिशीची सवय लावली होती. आधी तारीख, मग हवा, मग दिवसभरात घडले ते. मनात काय आले ते सगळ्यात शेवटी, आणि तेही पानावर जागा उरली तर. हेमलताबाईंच्या पानावर जागा बहुधा उरत नसे. लग्न झाले, निषाद झाला, दयानंदरावांच्या नोकरीपायी धरणाधरणांवरच्या सरकारी घरांतून बिऱ्हाडे हलली, तरी हा क्रम चुकला नाही. दयानंदराव गेले त्या दिवशीच्या पानावरसुद्धा पहिल्यांदा हवाच लिहिलेली होती.

आज मात्र एक गोष्ट त्यांनी जागा असूनही लिहिली नाही. लिहिली की घडायची नाही, अशी एक खुळी भीती अलीकडे त्यांच्या मनात बसली होती. ती गोष्ट म्हणजे अनुष्काचे दिवाळीतले एक वाक्य. “गाडी माझ्याकडे आली ना आजी, की मी दर रविवारी येणार. आपण दोघी मिळून धुऊ. आजोबांसारखं पॉलिश करायला शिकव मला.”

अनुष्का निषादची मुलगी. निषाद बंगळुरूला, आणि ही वर्षभरापूर्वी हिंजवडीत नोकरीला लागली. जांब्याला आणखी दोघींबरोबर फ्लॅट घेऊन राहत होती. जांबे काही लांब नव्हे, पण तिथून भुकूमला यायचे म्हणजे बस बदला, रिक्षा करा, आणि चौकाचौकात अडकून पडा. आठवडाभर दमलेल्या पोरीला हे जमायचे कसे? वर्षभरात तिच्या मोजून चार फेऱ्या झाल्या होत्या. हाताशी गाडी असती तर गोष्ट वेगळी होती.

गाडी होती. पोर्चमध्ये उभी होती, दयानंदरावांची, गडद निळ्या रंगाची. येत्या फेब्रुवारीत तिला पंधरा वर्षे पुरी होत होती आणि पुढे चालवायची तर पासिंग नव्याने करून घ्यावे लागणार होते. निषादने फोनवर सांगून टाकले होते, “आई, मेकॅनिक हो म्हणाला तर अनुष्का नेईल. नाही म्हणाला तर भंगारवाल्याला बोलवायचं. पोर्चमध्ये तिचं देऊळ करून ठेवायचं नाही.”

रविवारी उजाडता उजाडता हेमलताबाई पोर्चमध्ये उतरल्या. गुडघे बोलत होते, पण त्यांना बोलू दिले. गाडीचे कव्हर काढून कठड्यावर टाकले आणि दोन बादल्या भरून ठेवल्या, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची. ही दयानंदरावांची शिस्त. साबणाच्या बादलीत फडके बुडवायचे, पत्रा पुसायचा आणि पुन्हा साबणात घालण्याआधी फडके साध्या पाण्यात खळबळून घ्यायचे. नाहीतर तीच वाळू फिरून पत्र्यावर घासते. सुरुवात टपापासून, शेवट चाकांशी. कोरडे करायला जुनी सुती लुगडी, आणि तीही हेमलताबाईंचीच. “तुझं लुगडं जितकं जुनं, तितकी माझी गाडी नवी,” असे म्हणून ते स्वतःच हसत.

सेवानिवृत्तीनंतर दर रविवारी हाच कार्यक्रम. ते धुणार आणि पॉलिश चढवणार, ह्या पुसणार. सगळे झाले की ते गाडीत बसत आणि म्हणत, “चल, जरा वारा देऊन आणतो हिला.” पौडपर्यंत जाऊन परत. चारी काचा खाली केलेल्या. हेमलताबाई कधीच बरोबर गेल्या नाहीत, कारण तोवर स्वयंपाकाची वेळ झालेली असे. वारा देणे म्हणजे काय हे त्यांना पक्के ठाऊक होते. डॉक्टरांनी बंद केलेला वडा पौडच्या स्टँडवर गरम मिळत असे. शर्टाच्या खिशापाशी तेलाचा डाग घेऊन नवरा परत यायचा आणि त्या काही बोलत नसत. फक्त रात्री रोजनिशीत लिहीत, ‘ह्यांनी आजही वडा खाल्ला.’

ते गेल्याला चार वर्षे झाली. हेमलताबाईंना गाडी चालवता येत नव्हती. एकदाच शिकायला बसल्या होत्या, शेजारच्या बहिरूच्या रिकाम्या खाचरात, तर गाडी थेट बांधावर चढली. बहिरूच्या घरी त्या बांधाला अजून ‘वैनीचा बांध’ म्हणत. पण चालवता आली नाही म्हणून काय झाले, धुता तर येत होती. चार वर्षांत एकही रविवार चुकला नाही. अंगात ताप असतानासुद्धा नाही. समोर बारा मजल्यांची इमारत उठत होती, तिची धूळ दिवसभर उडायची. म्हणून पुसून झाले की लगेच कव्हर चढवायचे आणि खालून नाडी घट्ट बांधायची. एक कणही बसता कामा नये.

“काय वैनी, नवरीला हळद लागली म्हनं आज!” कुंपणापलीकडून गोजराबाईंचा आवाज आला. गोजराबाई म्हणजे बहिरूची बायको. या घराची जमीन तिच्याच सासऱ्यांनी विकलेली. आता वरच्या चार खोल्या भाड्याने देऊन आणि उरलेल्या दोन खाचरांत भात करून त्यांचे चालले होते. डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन ती उभी होती.

“हळद नाही गं, पॉलिश. बघायला येणार आहेत आज.”

“मंग चहापोहे ठिवलं का न्हाई? आन् पोरगी पसंत न्हाई पडली तर वो?”

“अशुभ बोलू नकोस सकाळी सकाळी.”

“आमी काय बोलतुया? आमच्या म्हाताऱ्याला इतकं घासून धुतलं असतं तर त्यो बी चमकला असता.” गोजराबाई हसली आणि मग जरा थांबून म्हणाली, “लई चमकतीया पन. खरंच.”

हेमलताबाईंना ते शब्द पुरले. पॉलिशचा डबा घेऊन त्या सावलीत स्टुलावर बसल्या. बोटभर पॉलिश, लहान लहान गोल, मग पांढरी साय धरेपर्यंत थांबायचे आणि कोरड्या फडक्याने उतरवायचे. टप झाला, दारे झाली, डिकी झाली. बॉनेटच्या उजव्या बाजूचे पॉलिश उतरवले आणि डाव्या बाजूला लावून ठेवले, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

“आजी! अगं, काय केलंयस हे? शोरूम वाटतंय!” अनुष्काने पिशवी ठेवायच्या आधी मोबाईल काढून गाडीचा फोटो घेतला. “बाबांना पाठवते. जळू देत.”

पाठोपाठ मोटारसायकलवर बॅटरी बांधून शैलेश आला. भूगावला त्याचे गॅरेज होते. तिशीचा, बोलण्यात नम्र. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावरून हात फिरवला आणि म्हणाला, “आजी, गॅरेजमध्ये पैसे देऊन करतात ते पण असलं करत न्हाईत.”

हेमलताबाईंनी पदराने चष्मा पुसला. आत जाऊन लाडू घेऊन आल्या. शैलेशने बॅटरी जोडली. दोनचारदा खोकून इंजिन सुरू झाले आणि अनुष्काने टाळ्या वाजवल्या. “आजी, नेक्स्ट संडे लोणावळा!”

“आधी पौडपर्यंत जा,” हेमलताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच तरुण वाटला.

“एकदा खालून बघतो,” म्हणत शैलेशने जॅक काढला आणि दाराखाली, जिथे लावतात तिथे लावला. दांडा फिरवू लागला. गाडी वर येईना. त्याने आणखी फिरवले. मग एक आवाज झाला, वाळलेला पापड मुठीत चुरडावा तसा. जॅक वर गेला होता आणि गाडी होती तिथेच होती. खाली फरशीवर लाल पूड सांडली.

शैलेश पोटावर झोपला आणि मोबाईलच्या उजेडात बराच वेळ बघत राहिला. मग उठून दार उघडले आणि पुढच्या सीटखालचा गालिचा उचलला. गालिच्याखाली ओल होती. त्याने तळाच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर टोक आरपार गेले. त्या भोकातून पोर्चची फरशी दिसली.

“ताई, जरा इकडं या,” तो अनुष्काला हळूच म्हणाला.

“इथंच बोल,” हेमलताबाई म्हणाल्या.

“आजी, वरून गाडी झकास हाय. खालून काय राहिलं न्हाई. जॅक लावायला जागा न्हाई, म्हंजे बघा. वेल्डिंग मारायचं तर चांगला पत्रा तरी पाह्यजे ना धरायला. पासिंगला न्हाई जायची. आन् कुणी करून दिलीच, तरी मी ताईला हिच्यात बसू देणार न्हाई.”

“आजी, इकडचा पाऊस किती असतो,” अनुष्का घाईने म्हणाली. “क्लायमेटमुळे होतं हे. कोणाच्याही गाडीचं होतं.”

“पाण्यानं झालं का?” हेमलताबाईंनी शैलेशलाच विचारले.

शैलेशने अनुष्काकडे पाहिले. हातातला स्क्रूड्रायव्हर पुसला, तो पुसायची गरज नसताना. “उभी राहिली ना, आजी. दारातनं पाणी आत उतरतंच, ते काय थांबत न्हाई. चालती गाडी असली की वाऱ्यानं वाळतं. उभ्या गाडीत तितंच बसतं. त्यात वरनं कव्हर.” आपण जास्त बोललो हे त्याच्या लक्षात आले. “पन तुमी काय वाईट केलं न्हाई.”

हेमलताबाई स्टुलावर बसल्या. चारी काचा खाली केलेली गाडी फाटकातून बाहेर पडताना त्यांना दिसली. ओल्या दारांतून पाण्याची धार रस्त्यावर सांडत जायची, पार वळणापर्यंत. ती धार त्यांनी कितीदा पाहिली होती. त्या वेळी त्या वड्याचाच विचार करत असायच्या. आणि गेली चार वर्षे, दर रविवारी, त्यांनी ते पाणी तिला पाजले होते आणि वरून नाडी बांधली होती.

शैलेश पैसे न घेताच गेला, लाडू मात्र रुमालात बांधून नेला. अनुष्का जेवायला थांबली. वरणभात, मटारची उसळ. ती खूप बोलली, ऑफिसातले, मैत्रिणींचे. हात धुताना म्हणाली, “आजी, मी येणारच आहे तशी पण. गाडी नसली म्हणून काय झालं?”

“ये ना.”

“या महिन्यात ऑफिसात रिलीज आहे, खूप काम असतं. डिसेंबरमध्ये बघते.”

“दमतेस तू. सावकाश ये.”

फोटो बाबांना पाठवला की नाही, हा विषय दोघींपैकी कोणी काढला नाही. रिक्षा मिळायला वेळ लागला. फाटकाशी अनुष्काने आजीला मिठी मारली, आजीच्या हाताला पॉलिशचा वास होता. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाल्यावरही हेमलताबाई काही वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग पोर्चमध्ये आल्या तर बॉनेटच्या डाव्या बाजूला सकाळी लावलेले पॉलिश तसेच होते. वाळून कडक झालेले, चुन्यासारखे. इतका वेळ ठेवले तर ते सहजी उतरत नाही. त्यांनी फडके ओले करून पिळले आणि बसून ते उतरवले, हळूहळू, कोपऱ्यापर्यंत. उतरवल्यावर त्यात समोरची बारा मजली इमारत उलटी दिसू लागली. नंतर त्यांनी निषादला फोन केला. भंगारवाल्याला पुढच्या आठवड्यात बोलव, एवढेच सांगितले.

कव्हर चढवले नाही. दिवस मावळायच्या आत निळ्या पत्र्यावर धुळीचा पातळ थर बसला. हेमलताबाईंनी तो खिडकीतून पाहिला.

गोजराबाई दूध घेऊन आली, गाडीकडे पाहिले आणि तिचा आवाज खाली आला. “न्हाई व्हय पसंत पडली?”

“नाही.”

गोजराबाईने दूध पातेल्यात ओतले. मग कठड्याकडे बघत म्हणाली, “ते झाकान आता काय करनार वैनी? आमचा पेंढा उघडाच पडलाय रानात. आमचा म्हातारा म्हनतुया ताडपत्री आना, आन् ताडपत्रीला पैसं कुटनं?”

“घेऊन जा. पण थांब, धुऊन देते.”

“आता आनि धुता कशाला!”

पण त्यांनी धुतलेच. दोन पिळे देऊन दोरीवर टाकले आणि घरात येऊन दिवा लावला. रोजनिशी उघडली, तारीख घातली, हवा लिहिली. मेकॅनिकचे एका ओळीत लिहिले, अनुष्का जेवून गेली ते लिहिले. पानावर निम्मी जागा उरली. ती तशीच सोडून त्यांनी शेवटची ओळ लिहिली.

गाडीचे कव्हर धुऊन वाळत घातले आहे, उद्या गोजराबाईंना पेंढ्यावर घालायला द्यायचे. पेंढा आतून नीट वाळल्याशिवाय झाकू नका असे सांगितले आहे.